विश्लेषण : जुना ‘वॉटर कूल्ड’ पीसी स्वस्तात मिळतोय, पण घ्यावा का?

वर्सोवा, यारी रोड, सात बंगला या पट्ट्यात घरातल्याच एका खोलीत एडिटिंग, कलर करेक्शन, डबिंग किंवा थ्रीडीचे काम करणारे अनेक तरुण राहतात. त्यांच्यासाठी कॉम्प्युटर म्हणजे रोजीरोटी. अशा एखाद्याला ऑनलाइन जाहिरातीत एक फोटो दिसतो. काचेची केस, आत चमकणाऱ्या पारदर्शक नळ्या, त्यातून फिरणारे निळे पाणी आणि खाली ओळ : ‘शिफ्टिंगमुळे अर्जंट विकणे आहे’. किंमत अशाच नव्या पीसीच्या निम्म्याच्या आसपास.

मोह पडतोच. पण हा पीसी साध्या जुन्या पीसीसारखा तपासून चालत नाही. त्यात वीज आणि पाणी एकाच डब्यात असतात. डब्यातील सगळ्यात महाग भागावरूनच पाणी वाहत असते. मग तो घ्यावा का आणि घेतलाच तर किती पैशांना?

हा प्रश्न आत्ताच का?

कारण नवा पीसी जोडणे महागले आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिप्सची मागणी प्रचंड वाढली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि घरगुती पीसीची रॅम आटली. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर-५ रॅमचे भाव दुपटीहून अधिक झाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘मायक्रॉन’ने ‘क्रूशियल’ या नावाने होणारी ग्राहकांसाठीची मेमरी विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. हे नाव मुंबईतील प्रत्येक पीसी दुकानात दिसायचे. ग्राफिक्स कार्डांनाही मेमरी लागतेच. त्यामुळे नवे घेण्याऐवजी ‘तयार जुना’ शोधणारे वाढले.

पीसी विकणाऱ्यांकडेही कारणे असतात. मुंबईत भाड्याचे करार सहसा ११ महिन्यांचे असतात. घर बदलताना वीस-पंचवीस किलोचा, पाण्याने भरलेला काचेचा पीसी सोबत नेणे डोकेदुखी ठरते. काहींना त्याची देखभाल नकोशी होते. या दुसऱ्या कारणाची खरेदीदाराने जास्त चौकशी करावी.

‘कस्टम वॉटर कूलिंग’ म्हणजे नेमके काय?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड काम करताना तापतात. २०२० च्या आरटीएक्स ३०९० कार्डाची वीजमर्यादा ३५० वॅट होती. २०२२ च्या ४०९० ची ४५० वॅट झाली आणि २०२५ च्या ५०९० ची ५७५ वॅट. ही सगळी वीज शेवटी उष्णता बनते. ती बाहेर काढायला साध्या पीसीत धातूच्या पट्ट्या आणि पंखे असतात.

पाणी हे काम जास्त चांगले करते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. म्हणून चिपवर तांब्याचा ‘ब्लॉक’ बसवतात. त्यातून पाणी फिरवतात आणि ते गरम पाणी रेडिएटरमध्ये नेऊन पंख्यांनी थंड करतात. पंप, पाण्याची टाकी, नळ्या, ब्लॉक आणि रेडिएटर या सगळ्या साखळीला ‘लूप’ म्हणतात.

याचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘एआयओ’. हा कारखान्यातून सीलबंद येतो, बहुधा फक्त प्रोसेसर थंड करतो आणि बिघडला की पूर्ण बदलावा लागतो. दुसरा ‘कस्टम लूप’. यातील प्रत्येक भाग वेगळा घेऊन, नळ्या मापाने वाकवून-कापून जोडलेला असतो. जाहिरातीतील देखणे पीसी बहुतेक या दुसऱ्या प्रकारातले. ते जोडणारा माणूसच त्याची ‘कंपनी’ असतो. त्याने काम नीट केले असेल तर पीसी वर्षानुवर्षे चालतो. नसेल तर त्याची चूक नव्या मालकाला निस्तरावी लागते.

हे तंत्र मुळात कच्चे नाही. पुण्याच्या ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही थेट चिपपर्यंत द्रव नेऊन थंड केला जातो. पण तिथे देखभालीला माणसे असतात. वर्सोव्याच्या वन रूम किचनमध्ये ते काम मालकालाच करावे लागते.

पाण्याने कॉम्प्युटर ‘फास्ट’ होतो का?

फारसा नाही. चिप थंड राहिली तर ती आपला वेग टिकवून धरते. पण चांगला एअर कूलरही बहुतेक एडिटिंगच्या कामात ते करतो. पाण्याचा खरा फायदा आवाजात आहे. मोठे रेडिएटर असतील तर पंखे हळू फिरवता येतात. ज्या खोलीत पीसी आहे तिथेच व्हॉइस ओव्हर रेकॉर्ड करणाऱ्याला याची किंमत कळते.

आणखी एक गैरसमज म्हणजे खोली थंड राहते हा. उलट चिपमधून निघालेली सगळी उष्णता रेडिएटरमार्गे खोलीतच येते. ६०० वॅट खेचणारा पीसी रोज ८ तास आणि महिन्यात २५ दिवस चालला, तर १२० युनिट वीज लागते. कूलिंग हवेचे असो वा पाण्याचे, हा आकडा जवळपास तोच राहतो. ती उष्णता बाहेर टाकायला एसीला लागणारी वीज वेगळीच.

वर्सोव्याच्या दमट हवेचा काय परिणाम होतो?

‘पावसाळ्यात नळ्यांवर बाहेरून दव जमेल’ ही भीती अनेकांना वाटते. ती बहुतांशी चुकीची आहे. साध्या रेडिएटरने थंड होणारे पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, ते नेहमी थोडे गरमच राहते. दव जमते ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर. अपवाद एकच. एसीच्या खोलीतला गार पीसी पावसाळ्यात थेट बाहेर काढला, तर त्यावर ओल धरू शकते. म्हणून घरी आणल्यावर तो दोन-तीन तास तसाच ठेवून मग सुरू करावा.

खरा त्रास खाऱ्या हवेचा आहे. समुद्राजवळच्या इमारतींत एसीचे आउटडोअर युनिट लवकर गंजते, हे तिथल्या रहिवाशांना ठाऊक असते. तीच हवा पंखे ओढून रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांतून फिरवतात. पीसी समुद्राकडच्या उघड्या खिडकीशेजारी होता की बंद खोलीत, हा प्रश्न विचारायलाच हवा. स्क्रू, पोर्ट आणि रेडिएटरच्या कडांवरचा गंज त्याचे उत्तर देतो.

तापमानाचा हिशेबही इथे बदलतो. विक्रेत्याने एसी २२ अंशांवर लावून आकडे दाखवले आणि नव्या मालकाची खोली दुपारी ३१ अंशांवर असेल, तर पाणी आणि चिप दोन्ही साधारण ९ अंशांनी जास्त तापतील. त्यामुळे आधी खोलीचे तापमान विचारावे, मग चिपचे बघावे.

आत काय बिघडलेले असू शकते?

*धातूंचे भांडण.* तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले, की ॲल्युमिनियम खराब होऊ लागते. बॅटरीसारखीच ही रासायनिक क्रिया आहे. त्याचा गाळ नळ्यांतून फिरतो आणि शेवटी छिद्र पडते. चांगल्या लूपमध्ये तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढेच धातू असतात. स्वस्त रेडिएटर ॲल्युमिनियमचा असू शकतो.

*जुने पाणी.* लूपमध्ये साधे पाणी नसते. शुद्ध पाण्यात गंज आणि शेवाळ रोखणारी रसायने घातलेली असतात. त्यांचा प्रभाव कमी होत जातो. म्हणून साधारण दर एक-दोन वर्षांनी लूप रिकामा करून नवा कूलंट भरावा लागतो. दुधट, अपारदर्शक रंगांचे कूलंट फोटोत सुंदर दिसतात, पण त्यातील कण ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात.

*पंप.* पंप थांबला की सगळा डोलारा थांबतो. कस्टम लूपमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘डी-५’ प्रकारच्या पंपाचे आयुष्य ५० हजार तास सांगितले जाते, म्हणजे अखंड चालला तर साडेपाच वर्षांहून थोडे अधिक. रात्रभर रेंडर लावणाऱ्या माणसाचा पीसी हे तास लवकर संपवतो.

*नळ्या आणि रबरी रिंगा.* जोडांमधील रबरी रिंगा कालांतराने कडक होतात. मऊ नळ्यांतून निघणारा चिकट पदार्थ ब्लॉक तुंबवू शकतो. पीईटीजीच्या कडक नळ्या पाणी फार तापल्यास मऊ पडून जोडातून सटकू शकतात.

गळती ही फक्त घरगुती जोडणीतच होते असेही नाही. ‘ॲपल’ने जून २००४ मध्ये द्रवाने थंड होणारा पॉवर मॅक जी-५ आणला. त्या काळी एडिटिंगच्या खोल्यांत तो मानाचा समजला जाई. पुढे वय झालेल्या अशा यंत्रांत गळती होऊन आतील भाग खराब झाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. नव्या वॉटर कूल्ड यंत्रापेक्षा जुन्याची जोखीम किती वेगळी असते, ते यावरून कळते.

पाण्याव्यतिरिक्त काय बघावे?

रंगीत नळ्यांकडे बघताना मुख्य भागांचे वय विसरले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत संपली. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे किंवा रायझेन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर लागतात. २०१७ चा सातव्या पिढीचा पीसी कितीही देखणा असला, तरी कामासाठी तो मागेच पडला आहे.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. कंपनीने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि बॉक्समध्ये विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झालेले नुकसान या दुरुस्तीने भरून निघत नाही. असा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट कधी केला आणि बिल आहे का, हे विचारावे.

रॅम मात्र मोजून घ्यावी. सध्याच्या भावात ती आतील सर्वात पटकन विकली जाणारी वस्तू आहे. जाहिरातीत ६४ जीबी आणि प्रत्यक्षात ३२, असे होऊ नये.

बघायला गेल्यावर काय तपासावे?

विक्रेत्याला आधीच सांगावे की पीसी बंदच ठेवा. पोहोचल्यावर रेडिएटर आणि केसला हात लावून ती गार आहे ना ते बघावे. आधीच चालवून ठेवलेल्या पीसीत सुरू होतानाच्या अडचणी लपतात.

• टॉर्च मारून प्रत्येक जोड बघावा. पांढरी खपली, हिरवट डाग, सुकलेल्या थेंबाचा माग किंवा चिकटपणा म्हणजे कधीतरी पाणी झिरपले आहे.

• टाकीत तरंगणारे कण, तळाशी गाळ किंवा ब्लॉकच्या पारदर्शक झाकणाआडून दिसणारा थर म्हणजे लूप पूर्ण उघडून साफ करावा लागणार.

• पंपाचा आवाज ऐकावा. हलकी गुणगुण ठीक, खरखर नाही.

• एचडब्ल्यूइन्फो लावून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकाच वेळी किमान ४५ मिनिटे ताण द्यावा. पाणी हळूहळू तापते, त्यामुळे पाच मिनिटांची चाचणी काहीच सांगत नाही. तापमान चढून एका आकड्यावर स्थिरावायला हवे, सतत वाढत राहिले तर लूप पुरेसा नाही.

• ताण देताच सेकंदात प्रोसेसर ९५ अंशांपुढे गेला आणि पाणी मात्र गारच राहिले, तर ब्लॉक तुंबला आहे किंवा नीट बसलेला नाही.

• क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची स्थिती आणि त्यावर किती डेटा लिहिला गेला ते बघावे. एडिटिंगच्या पीसीत हा आकडा मोठा असतो.

• सोबत पेनड्राइव्हवर स्वतःचे एखादे प्रोजेक्ट न्यावे आणि ते तिथेच रेंडर करून बघावे.

एवढा वेळ द्यायला विक्रेता तयार नसेल, तर तिथूनच परत फिरणे शहाणपणाचे.

किंमत कशी काढावी?

इथेच बहुतेक व्यवहार चुकतात. विक्रेता म्हणतो, ‘नुसत्या वॉटर कूलिंगवर ६० हजार घातलेत.’ ते खरेही असेल. पण तो खर्च त्याच्या हौसेचा होता. ब्लॉक त्याच मॉडेलच्या कार्डावर बसतो, नळ्या त्याच केसच्या मापाच्या असतात आणि कूलंट बदलावाच लागतो. उद्या ग्राफिक्स कार्ड बदलायचे ठरले, तर नवा ब्लॉक आणि बहुधा नव्या नळ्याही लागतील. म्हणून खरेदीदाराच्या हिशेबात लूपची किंमत शून्य धरावी आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा करावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विक्रेता दीड लाख मागतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि पॉवर सप्लाय यांचे सुटे जुने भाव जोडले तर १ लाख २५ हजार होतात. लूप उघडून साफ करणे, नव्या रिंगा, पेस्ट आणि कूलंट यांचे १२ हजार वजा. कार्डाचा मूळ पंख्यांचा कूलर विक्रेत्याने हरवला असेल, तर ते कार्ड पुढे विकणे अवघड म्हणून ८ हजार वजा. न दिसलेल्या बिघाडासाठी ५ हजार वजा. उरले १ लाख. सौदा एक लाखाच्या आसपास ठरला तर ठीक. दीड लाखाला घेतला तर वरचे ५० हजार दुसऱ्याच्या हौसेचे गेले.

सुट्या भागांचे भाव एका फेरीत कळतात. वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथल्या दोन-तीन दुकानांत विचारले की जुन्या भागांचा अंदाज येतो. लूपची सर्व्हिस कोण करते आणि किती घेते, हेही तिथेच विचारून घ्यावे. करणारा कोणी सापडला नाही, तर ती माहितीही निर्णयाला पुरेशी आहे.

घरी कसा आणावा?

रिक्षाने नको. भरलेला लूप, जड ग्राफिक्स कार्ड आणि मुंबईचे खड्डे यांचे जमत नाही. शक्यतो लूप रिकामा करून, केस गादीवर ठेवून गाडीतून आणावी. घरी पुन्हा कूलंट भरल्यावर लगेच पीसी सुरू करू नये. बाकी भागांना वीज न देता फक्त पंप चालवावा, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवावा आणि एक दिवस वाट बघावी. पेपर कोरडा राहिला तरच पुढे. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असते म्हणून निर्धास्त राहू नये. लूपमध्ये फिरून आणि धुळीत सांडून ते तसे राहत नाही.

फसवणूक झाली तर कायदा मदत करतो का?

थोडीच. ग्राहक संरक्षण कायदा मुख्यतः व्यवसाय म्हणून विकणाऱ्यांसाठी आहे. घरातला पीसी विकणाऱ्या व्यक्तीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मिळणे कठीण. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यातही ‘बघून, पारखून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी’ हेच मूळ तत्त्व आहे. शिवाय माल चोरीचा किंवा एखाद्या प्रॉडक्शन हाउसचा निघाला, तर पैसे देऊनही मालकी मिळत नाही. म्हणून मूळ बिले, भागांचे सिरियल नंबर आणि विक्रेत्याच्या सहीचा साधा विक्रीचा कागद घ्यावा. ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी अजून लागू आहे का, हे कंपनीला सिरियल नंबर देऊन विचारावे. पाण्याचा ब्लॉक बसवताना मूळ कूलर काढावा लागतो आणि काही कंपन्या त्यावर आक्षेप घेतात.

पीसी बघण्याआधी ‘टोकन’ म्हणून एक रुपयाही पाठवू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

मग घ्यावा की नाही?

ज्याला हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायला आवडते, वर्षातून एक रविवार कूलंट बदलायला देता येतो आणि पीसी दोन-तीन दिवस बंद पडला तरी चालते, त्याने भागांच्या भावात मिळत असेल तर जरूर विचार करावा. शांत खोली हवी असणाऱ्या डबिंगवाल्यासाठीही तो उपयोगी आहे.

पण सगळी बचत या एका यंत्रात घालून, सोमवारी डिलिव्हरी आणि दुसरा कॉम्प्युटर नाही, अशा स्थितीतल्या फ्रीलान्सरने तो टाळलेला बरा. पंख्याचा कूलर बिघडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो. लूप गळला तर आधी सगळे सुकवावे लागते, मग काय वाचले ते शोधावे लागते आणि तोवर क्लायंट दुसरीकडे गेलेला असतो.

मधला मार्गही आहे. भाग चांगले असतील आणि कार्डाचा मूळ कूलर सोबत मिळत असेल, तर विक्रेत्याला लूप काढून फक्त भाग द्यायला सांगावे आणि प्रोसेसरवर साधा एअर कूलर बसवून घ्यावा. फोटोतली निळी चमक जाईल, पण कामाचा वेग जवळपास तोच राहील आणि पाण्याची काळजी उरणार नाही.